स्वेटर वेगळा, विंडचीटर वेगळा

गेल्या जानेवारीत संध्याकाळी कर्द्याच्या समुद्रकाठी पुळणीवर मुलं क्रिकेट खेळत होती. दापोलीहून निघताना धाकट्याला मी घरातला सगळ्यात जाड स्वेटर घातला होता, कारण वर आमच्याकडे थंडी चांगलीच असते. खाली पुळणीवर मात्र अजून उकडत होतं. तो तासभर धावला आणि आतला गंजीफ्रॉक घामाने चिंब झाला. काळोख पडल्यावर घाट चढताना तो स्कूटरवर मला घट्ट चिकटून बसला होता, तरी त्याचे दात वाजत होते. अंगात एवढा जाड स्वेटर असून! घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगो, घाम जिरला त्याच्या अंगावर."

त्यांचं खरंच होतं. पण माझी चूक त्याआधीची होती. स्वेटर आणि विंडचीटर या मला एकाच कामाच्या दोन वस्तू वाटायच्या, जो हाताला लागेल तो घालावा. त्यांची कामं वेगळी आहेत. आणि आपल्या कोकणातल्या थंडीत हा फरक कळला नाही, तर पैसेही जातात आणि पोरही कुडकुडतं.

मुळात ऊब दोन्हींत नसते. ऊब अंगातून येते. स्वेटरच्या विणीत हजारो बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा अडकून राहते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू बाहेर जाते, म्हणून अंगाची ऊब अंगाजवळच राहते. पण ही हवा अडकलेली असेपर्यंतच. त्याच पोकळ्यांतून वारा आरपार गेला की ती ऊब घेऊन जातो. विंडचीटरचं उलट आहे. नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं ते पातळ, दाट विणीचं कापड स्वतः फारशी ऊब धरत नाही, पण वारा अडवतं. नुसता विंडचीटर घालून पोर गार हवेत शांत बसलं, तर थोड्या वेळात त्याला थंडी वाजणारच.

बाजारात ओळखायची सोपी रीत म्हणजे कापड तोंडाशी धरून जोरात फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली तर ते स्वेटरच्या जातीचं, नाही लागली तर विंडचीटरच्या जातीचं. ज्याला दुकानदार 'जॅकेट' म्हणतात त्याचीही अशीच परीक्षा घ्यावी. फ्लीसचं गुबगुबीत जॅकेट दिसायला भारी असतं, पण फुंकर आरपार जाते. म्हणजे तो स्वेटरच.

आता आपली थंडी. रत्नागिरीला किनाऱ्यावर जानेवारीत पहाटे साधारण १८-१९ अंश असतात आणि दुपारी ३०-३१. दापोली थोडी उंचावर, तिथे पारा पहाटे १० अंशांच्या आसपासही उतरतो, पण दुपारचं ऊन तिथेही चटकतंच. म्हणजे सकाळी सातला लागणारा कपडा दहाला काढायचा असतो. त्यात वाऱ्याची दिशा पालटते. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. शाळेत भूगोलात आपण हे घोकलं, पण पोराला बाहेर सोडताना कधी आठवलं नाही. पहाटे थंडगार झालेल्या जमिनीवरून येणारा वारा बोचतो, म्हणून सकाळच्या मैदानावर विंडचीटर जास्त उपयोगी पडतो. स्कूटरवर तर पडतोच. हवा पडलेली असली तरी ताशी चाळीसच्या वेगाने आपणच समोर वारा तयार करतो. विंडचीटर नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची. लांबच्या गाडीवर निघणाऱ्या माणसांची ही जुनी युक्ती आहे आणि कागद वारा छान अडवतो.

माझ्या मते खरा प्रश्न थंडी किती हा नाही, पोर धावणार की बसणार हा आहे. धावणाऱ्या मुलाचं अंग बसलेल्या मुलाच्या कितीतरी पट उष्णता तयार करतं. त्याला स्वेटर घातला की घाम येणार. सुती गंजीफ्रॉक घाम पितो आणि तसाच ओला राहतो. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, शिवाय घाम वाळताना अंगातली ऊब घेऊनच वाळतो. सासूबाईंचं 'घाम जिरला' ते हेच. म्हणून खेळायला सोडताना अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट, वर चेन उघडी ठेवलेला विंडचीटर, आणि खेळ रंगला की तोही काढून झाडाला अडकवायचा. सुरुवातीची पाच मिनिटं पोराला जरा गार वाटलं तर वाटू द्यावं. स्वेटर पिशवीत असू द्यावा, तो खेळ संपल्यावर लागतो. त्याआधी मात्र ओला गंजीफ्रॉक बदलायचा. पिशवीत एक कोरडा गंजीफ्रॉक ही माझ्या लेखी हिवाळ्यातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे, आणि तो घरात असतोच.

बसणाऱ्या मुलाचं गणित उलट. माझं माहेर मालवणकडचं. तिथे थंडीत जत्रा असतात आणि रात्रभर दशावतार. मुलं उघड्या मैदानात जमिनीवर बसलेली, वरून दव पडतंय, मध्यरात्रीनंतर वारा सुटतो. इथे एकट्या विंडचीटरने भागत नाही आणि एकट्या स्वेटरनेही नाही. दोन्ही घालायचे, स्वेटर आत आणि विंडचीटर बाहेर. उलटं केलं तर बाहेरच्या स्वेटरमधली हवा वाऱ्यावर जाते आणि तो दवानेही भिजतो. खाली गोधडीची घडी हवीच, कारण गार जमीन बसल्याजागी ऊब ओढून घेते. कानटोपी घालावी.

पावसाळ्यातला रेनकोट विंडचीटर म्हणून चालेल का? बसलेल्या मुलाला चालेल, स्कूटरवर उत्तम. धावणाऱ्याला नको. प्लास्टिकमधून वाफ बाहेर पडत नाही आणि पोर आतून भिजतं.

खरेदीत मी एवढंच बघते. रस्त्याकडेला 'वुलन' म्हणून मिळणारा स्वस्त स्वेटर बहुधा ॲक्रिलिकचा असतो. आपल्या थंडीला तो पुरतो, घरी धुता येतो, त्यामुळे खऱ्या लोकरीसाठी मुलाच्या मापात जास्त पैसे घालायची गरज मला वाटत नाही. जाड एकापेक्षा पातळ दोन बरे, एक काढता येतो. स्वेटर मोठ्या भावंडाचा, मामेबहिणीचा, कुणाचाही चालतो. विंडचीटर एक माप मोठा घ्यावा, म्हणजे स्वेटर आत मावतो आणि दोन हिवाळे निघतात. टोपीची नाडी मात्र घरी आणल्याबरोबर ओढून काढून टाकावी. घसरगुंडीच्या फटीत ती अडकून गळ्याला फास बसू शकतो. अमेरिकेत असे अपघात झाल्यावर १९९६ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी नको अशी सूचनाच काढली.

एका जागी मात्र हे दोन्ही कपडे सारखेच वाईट, आणि ती जागा आपल्याकडे हिवाळ्यात ठरलेलीच असते. शेकोटी, किंवा रायगडकडे शेतात लावलेली पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भरून ते जाळात भाजायचं. मडक्यातल्या वालाच्या शेंगांचा वास सुटला की मुलं जाळाच्या जवळ जवळ सरकतात. नायलॉन, पॉलिएस्टर, ॲक्रिलिक ही तिन्ही आगीने वितळतात आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. जाळाजवळ बसताना विंडचीटर आणि ॲक्रिलिकचा स्वेटर दोन्ही काढून ठेवायचे, वर सुती शाल किंवा जुनी चादर घ्यायची आणि लहानांना हातभर मागे बसवायचं. जाळाची धग असते तिथे एवढं पुरतं. तरीही कधी ठिणगी पडून चटका बसलाच, तर चिकटलेलं कापड ओढू नये. त्या जागेवर नळाचं गार पाणी वीस मिनिटं सोडावं, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि पोराला दवाखान्यात न्यावं.