पेटकरांच्या गोल्डमागची सात वर्षं

मुरलीकांत पेटकर हे नाव आता घराघरात पोचलंय, पण गोष्ट सांगताना लोक थेट उडी मारतात, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 ला पॅरालिम्पिकमध्ये पोहून गोल्ड आणलं. मधल्या सात वर्षांत काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे.

त्यासाठी आधी जरा इंग्लंडला जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याला मार बसून कमरेखाली लुळा झालेला सैनिक म्हणजे काही महिन्यांचा सोबती असंच धरून चालायचे. माणूस त्या जखमेनं जायचा नाही, जायचा तो पडून पडून पाठीला झालेल्या जखमांनी, म्हणजे बेडसोअर्सनी, नाहीतर लघवीच्या इन्फेक्शननी. नाझींच्या जाचामुळे जर्मनी सोडून आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये स्टोक मँडव्हिलच्या हॉस्पिटलात असल्या पेशंटसाठी वेगळा विभाग सुरू केला, दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची हा नियम घातला, आणि सोबत खेळ आणले. खेळ म्हणजे टाइमपास म्हणून नव्हे हां, उपचाराचाच भाग, कारण पाय गेलेल्या माणसाला खुर्चीत बसायचं, कुबड्यांवर उभं राहायचं तर सगळी भिस्त खांद्यांवर आणि हातांवर. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, गुटमननी 16 जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली, त्यात बायकाही होत्या. तीच पुढे वाढत वाढत 1960 ला रोमला पोचली, तेव्हा 23 देशांचे 400 खेळाडू होते. आज आपण पॅरालिम्पिक म्हणतो ते हेच.

आता पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा पोरगा, लहानपणी कुस्तीचा नाद, पुढे सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रसामग्रीची देखभाल करणाऱ्या दलात भरती आणि तिथे बॉक्सिंग. 1965 च्या युद्धात काश्मीरमध्ये असताना हवाई हल्ल्यात सापडले, अंगात नऊ गोळ्या शिरल्या, त्यातली एक मणक्यात तशीच राहिली. कमरेखालचं अंग गेलं. ज्याचा सगळा खेळ पायांच्या हालचालीवर चालायचा त्या बॉक्सरला हे ऐकून काय वाटलं असेल याची कल्पनाच करवत नाही.

मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात फिजिओथेरपी म्हणून पाण्यात उतरवलं. पाण्यात शरीराचं वजन जाणवत नाही, पाय ओढत न्यावे लागले तरी हात पुढे नेतात, आणि हात तर बॉक्सरचे होते, तालमीत आणि रिंगणात कमावलेले. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं मग सरावच झालं, जोडीला टेबल टेनिस, भालाफेक. 1968 ची पॅरालिम्पिक स्पर्धा मेक्सिकोनं घ्यायला नकार दिला म्हणून तेल अवीवला झाली, तिथे पेटकर टेबल टेनिसची पहिली फेरी जिंकले.

पण जिद्द कितीही असली तरी परदेशी जायचा खर्च कोण करणार? इथे मला विजय मर्चंट यांच्याबद्दल फार आदर वाटतो. कसोटी क्रिकेट गाजवलेला हा माणूस निवृत्तीनंतर अपंगांसाठी झटत राहिला, आणि पेटकरांच्या पाठीशीही तो उभा राहिला. एका खेळातल्या मोठ्या माणसानं दुसऱ्याच खेळातल्या, कुणाला माहीत नसलेल्या जवानासाठी धावून जावं ही केवढी गोष्ट आहे!

1972 ला ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण तिथल्या क्रीडाग्रामाचे ऑलिम्पिक संपताच फ्लॅट करायचं आधीच ठरलेलं, म्हणून पॅरालिम्पिक हायडेलबर्गला गेलं. तिथे पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत मारली, वर्ल्ड रेकॉर्ड. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून भारताचं हे पहिलं वैयक्तिक गोल्ड. त्यानंतरचं थेट 2004 ला, पॅरा भालाफेकपटू देवेंद्र झाझरियाचं.

परत आल्यावर पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी केली. 1982 मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो मान्य झाला नाही, आणि हे वाचताना आजही राग येतो. पद्मश्री मिळाली 2018 ला, आणि अर्जुन जीवनगौरव जानेवारी 2025 मध्ये, वयाची ऐंशी गाठल्यावर. कुबड्यांच्या आधाराने ते राष्ट्रपती भवनात गेले. त्याच वर्षीच्या अर्जुनच्या यादीत सांगली जिल्ह्यातलाच आणखी एक जण होता, आटपाडीकडचा सचिन खिलारी, लहानपणी सायकलवरून पडून हात निकामी झालेला आणि 2024 ला पॅरिसमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून सिल्व्हर आणलेला.