‘मन शांत करणारी शेड द्या’ म्हणण्याआधी एवढं वाचा

गणपती उठले की आमच्या रंगकामाच्या आणि फ्रेमच्या दुकानात रोज कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं: ‘बेडरूमला मन शांत करणारा रंग कोणता?’ बहुतेकांच्या मोबाईलमध्ये उत्तरही तयार असतं. निळसर करडी भिंत, पांढरे पडदे, भिंतभर खिडकी. ‘सेम असाच पाहिजे.’ प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे छापून घेतलं.

नुसत्या नावावरून मन शांत करील असा रंग आमच्याकडे नाही. तसा शोधायचा प्रयत्न झालेला आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदलाच्या कैदखान्यात एक कोठडी गुलाबी रंगवली. कैदी निवळतात असा बोलबाला झाला आणि तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या रंगाला ‘बेकर-मिलर पिंक’ म्हणू लागले. पुढे इतरांनी नीट तपासून पाहिलं, तेव्हा तो गुण काही हाती लागला नाही. रंगाने घरात बरं वाटतं किंवा उदास वाटतं, हे आम्हीही कामावर रोज बघतो. पण हा परिणाम डब्यातल्या रंगाचा नसतो. तुमच्या भिंतीवर, तुमच्या उजेडात जो रंग दिसतो, त्याचा असतो.

आणि नेमकी इथेच गफलत होते. मोबाईलचा पडदा स्वतः उजेड टाकतो. भिंत फक्त पडलेला उजेड परत फेकते. फोटोतल्या खोलीला भिंतभर खिडकी असते, तुमची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या डक्टकडे उघडते. वर ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब. (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा: कमी असेल तर उजेड पिवळसर, जास्त असेल तर निळसर पांढरा.) त्या उजेडात तो निळसर करडा थेट सिमेंटसारखा दिसतो. हॉल पश्चिमेचा असेल तर चारनंतर उन्हाचा पिवळा-केशरी उजेड पडतो आणि तीच शेड मळकट दिसते. शिवाय शेडकार्डावरचा तुकडा बोटभर असतो. खोलीत चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे कार्डावर फिका वाटलेला रंग प्रत्यक्षात चांगलाच गडद वाटतो. पिवळ्या आणि हिरव्या रंगांत तर हमखास.

मागच्या वर्षी एका घरात आजींच्या खोलीसाठी मोबाईलवरूनच शेड ठरली. ‘सॅम्पल वगैरे नको, पाहुणे यायचेत.’ दोन हात मारून झाले, सामान लागलं, आणि तिसऱ्या दिवशी फोन: ‘आई म्हणतात, दवाखान्यात ठेवल्यासारखं वाटतंय.’ जाऊन पाहिलं तर खोलीत दोन पांढऱ्या ट्यूब. त्या काढून ३००० केल्विनचे दिवे लावले, निम्मी तक्रार तिथेच मिटली. उरलेल्या निम्म्यासाठी पलंगासमोरची भिंत पुन्हा रंगवली. रंगाचे पैसे त्यांचे गेले, कारागिरांची दोन दिवसांची हजेरी आमची.

तेव्हापासून सॅम्पल पाहिल्याशिवाय आम्ही शिडी लावत नाही. काहींना हा आमचा आडमुठेपणा वाटतो. वाटू दे. मशीनवर टिंट केलेला रंग कुठलाच दुकानदार परत घेत नाही. २० लिटरची बादली एकदा मिसळली की ती तुमचीच.

आमची पद्धत साधी आहे. तुम्ही निवडलेल्या तीन शेड आम्ही दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या प्रायमर मारलेल्या बोर्डांवर दोन-दोन हात लावून देतो. थेट भिंतीवर देत नाही, कारण जुन्या रंगाच्या शेजारी डोळा फसतो, आणि बोर्ड हवा तिथे हलवता येतो. एकदा खिडकीच्या बाजूच्या भिंतीला, एकदा समोरच्या भिंतीला टेकवा. सकाळी, दुपारी चारनंतर आणि रात्री दिवे लावून बघा. घरात जो सगळ्यांत जास्त वेळ असतो त्याला बघू द्या. ऑफिसातून रात्री नऊला येणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. ओल्या रंगावरून मत बनवू नका, इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं. दोन दिवस पुरतात. तीन बोर्डांचे ६०० रुपये घेतो, काम आम्हाला दिलंत तर बिलातून वजा.

वास्तूप्रमाणे रंग सांगितलेला असेल तर आमची ना नाही. त्या एका रंगात फिक्या-गडद वीस शेड मिळतात. त्यातली तुमच्या उजेडाला जमणारी काढू.

कधी कधी रंगकाम लागतही नाही, हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी सांगतो. आधी दिवा बदलून बघा. केल्विनचा आकडा खोक्यावरच असतो. मग एक चित्र लावून बघा. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाचा पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. ती खरी झाडं होती, चित्र नव्हतं. तेवढा फरक आम्ही लपवत नाही. तरी खिडकीतून समोरचे एसीच दिसत असतील, तर पलंगासमोर एखादं हिरवं निसर्गचित्र लावायला काय हरकत आहे?

वारली चित्र घेतलंत म्हणून सगळी भिंत गेरूच्या रंगाची करायला सांगू नका. डहाणूकडे तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात तो कुडाच्या भिंतीवर, आणि त्या घराचं दार अंगणात उघडतं. दहा बाय दहाच्या फ्लॅटमध्ये तोच तपकिरी अंगावर येतो. पांढरट भिंतीवर तीन फुटांची फ्रेम पुरे.

चित्र छताजवळ टांगायची सवय वाड्यातली. तिथे देवांचे आणि पूर्वजांचे फोटो उंच खुंटीला, पुढे झुकवून लावायचे. हॉलमध्ये आपण बसलेले असतो, त्यामुळे सोफ्याच्या पाठीपासून आठ-दहा इंचांवर फ्रेमची खालची कड येऊ द्या. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र नकोच, मागून बुरशी चढते. आमच्या फ्रेमच्या मागे कॉर्कच्या चकत्या असतात त्या हवा खेळावी म्हणून. कृपया ‘फ्रेम भिंतीला चिकटत नाही’ म्हणून काढू नका.

येताना मोबाईलमधला फोटो जरूर आणा, आवड कळते. सोबत खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि खोलीत कोणता दिवा आहे, एवढं लिहून आणा. दिवाळीला घर तयार हवं असेल तर बोर्ड घटस्थापनेच्या आत न्या. दसऱ्यानंतर येणाऱ्यांना आम्ही दिवाळीनंतरचीच तारीख देतो.