देव तो, दैव ते

कोणाच्या घरी दुखणं आलं, नोकरी गेली, पीक पाण्यात गेलं की दोन दिवसांत फोनवर ते चित्र येतंच. मावळता सूर्य, एक होडी, आणि वर पिवळ्या अक्षरांत 'आलिया भोगासी असावे सादर'. पाठवणाऱ्याला म्हणायचं असतं, नशिबात होतं, आता सोस. तुकोबांना हे म्हणायचं नव्हतं. तसं त्याच ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात स्वच्छ लिहिलंय, पण नेमकं तेवढंच कापून चित्र बनवतात.

दैव म्हणजे काय ते मी सांगायला नको. सटवाईनं कपाळी लिहिलेलं, पत्रिकेतली साडेसाती, मागच्या जन्मीचं संचित, त्यातलं वाट्याला आलेलं प्रारब्ध. हे आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. घोटाळा होतो तो देवावर भार टाकण्याची गोष्ट निघाली की. लोक तिलाही दैवाच्याच खात्यात जमा करतात.

भाषेचाही थोडा दोष आहे. दैव हा शब्द देवापासूनच झालेला, फरक काय तो एका मात्रेचा. 'दैव देतं आणि कर्म नेतं' ही म्हण कितीतरी जण 'देव देतो' अशी म्हणतात आणि कोणी अडवत नाही. पण व्याकरणानं एक उपकार केलाय. देव तो, दैव ते. 'ते' जे काही आहे त्याला कान नाहीत. त्याच्याशी भांडता येत नाही, रुसता येत नाही, फार तर त्याच्या नावानं बोटं मोडता येतात. 'तो' मात्र ऐकतो, असं गृहीत धरून आपले संत त्याच्याशी वाट्टेल ते बोलले. जनाबाई तर विठोबाला सरळ 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणते. नशिबाला असं कोण हाक मारतं? संकटात बळ मिळतं म्हणतात, त्यातलं बरंचसं या हाक मारण्यात आहे. ज्याला हाक मारता येते त्याच्यासमोर माणूस एकटा उरत नाही.

आता ती ओळ पुरी वाचू. 'आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया'. दोन शब्द नीट बघा, सादर आणि भार. बाकी सगळा गोंधळ या दोहोंतून निघतो.

सादर म्हणजे मुकाट नव्हे. आपण आजही हिशेब सादर करतो, म्हणजे उभं राहून समोर मांडतो. सादर असणं म्हणजे तयार असणं, हजर असणं, तोंड न फिरवणं. पांघरूण ओढून 'होईल ते होईल' म्हणत पडणाऱ्याला सादर म्हणत नाहीत. त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळी म्हण आहे, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी', आणि ती चेष्टेनं वापरायची असते. हल्ली ती कोणी कोणी उपदेश म्हणून ऐकवतात तेव्हा मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

आणि भार. भार कशाचा टाकायचा? कामाचा नाही, काळजीचा. नांगर तुमच्याच हातात राहतो. पाऊस पडेल का, ही रात्रीची तळमळ तेवढी त्याच्याकडे द्यायची. दैवावर हवाला ठेवणारा नेमकं उलटं करतो. काम सोडतो आणि काळजी उराशी धरून बसतो. शिवाय त्याच अभंगाच्या पुढच्या ओळी घ्या. 'मग तो कृपासिंधु निवारी सांकडे । येर ते बापुडे काय रंक'. तो साकडं निवारतो म्हणतायत. शेवटी तर 'नव्हे काय त्या करितां', त्यानं केल्यावर काय होणार नाही! भोग टळतच नाही असं मानणारा माणूस हे लिहील कशाला?

इथं हुशार वाचक 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' पुढं करतो. बरोबर आहे, त्यात 'भोगणे ते फळ संचिताचे' असं रोख म्हटलंय. तुकोबा संचित नाकारत नाहीत. पण तो अभंगही तिथं संपत नाही. 'तुका म्हणे घालू तयावरी भार । वाहू हा संसार देवा पायी'. पुन्हा भार. आणि संसार टाकू नव्हे, वाहू.

हे लिहिणाऱ्यानं काय पाहिलं होतं तेही ध्यानात घ्या. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. देहूतलं दुकान बसलं, मान गेला, एक बायको 'अन्न अन्न' करत मेली. हे सारं त्यांनीच एका अभंगात सांगितलंय. त्याच अभंगात पुढं काय येतं? देवाचं देऊळ भंगलेलं होतं, ते नीट करावंसं मनात आलं. मग एकादशीचं कीर्तन सुरू केलं, तेही आधी अभ्यास नसताना. दिवाळं निघालेला माणूस पडकं देऊळ बांधायला घेतो, याला दैववाद म्हणायचं असेल तर म्हणा. 'असाध्य ते साध्य करिता सायास' हेही त्यांचंच, पण ते चित्रांवर कमी दिसतं.

घरातलं सांगतो. माझ्या मामांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. भेटायला येणारे 'दैवात असेल तसं' म्हणून चहा पिऊन जायचे. मामी माळकरी. ती म्हणायची, 'माउलीवर टाकलंय मी.' व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलानं एक मऊ चेंडू दिला होता, दिवसातून तीनदा दाबायचा. मामी शेजारी बसायची आणि दर दाबाला 'रामकृष्णहरि' म्हणायला लावायची. एकशे आठ झाल्याशिवाय जेवण नाही. मामा वैतागायचे, चेंडू कॉटखाली फेकायचे, ती वाकून काढायची. हात पूर्ण सुधारला नाही. चमचा धरता यायला लागला, सही अजून वाकडीच येते. पण त्या सात-आठ महिन्यांत मामीला झोप लागत होती, आणि 'दैवात असेल तसं' म्हणणारा माझा एक मावसभाऊ मात्र रात्र रात्र जागायचा.

नवसाचं दोन वाक्यांत संपवतो, कारण तो तिसराच प्रकार आहे, सौद्याचा. 'नवसे कन्यापुत्र होती । तरि का करणे लागे पती' असं तुकोबांनीच विचारून ठेवलंय, मी आणखी काय बोलणार.

एक विनंती मात्र आहे. मयताच्या घरी जाऊन 'देवाची इच्छा' म्हणू नका. तिथं तुम्हाला म्हणायचं असतं दैव, आणि आळ घेता देवावर. ज्याच्यावर त्या घराला उद्या भार टाकायचाय त्यालाच आज आरोपी करून ठेवता. त्यापेक्षा गप्प बसा, किंवा पोळीभाजीचा डबा द्या.

ते मावळत्या सूर्याचं चित्र आलं की मी हल्ली उत्तरात फक्त 'देवावरी भार घालूनिया' एवढंच लिहून पाठवतो. पलीकडून दोन जोडलेले हात येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चित्र, या वेळी होडीऐवजी कमळ.