कात्रजच्या तळ्यात काय बसतं, काय बसत नाही

पुण्यातल्या शाळांची पाण्याविषयीची सहल बहुधा खडकवासल्याला जाते. मुलं धरणाची भिंत बघतात, भाजलेलं कणीस खातात आणि परत येतात. माझ्या मते ही सहल कात्रजच्या तळ्यावर सुरू करून शनिवारवाड्यापाशी संपवावी. शहराला पाणी कसं पोचतं आणि ते कशानं बिघडतं, हे दोन्ही या एकाच वाटेवर कळतं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरापायथ्याशी वर-खाली अशी दोन तळी बांधली गेली. तिथून माणूस आत शिरू शकेल एवढा भुयारी नळ शहरात आला आणि पेठांमधले हौद भरू लागला. पंप वगैरे काही नाही, सगळं पाणी उतारावर वाहणारं. नळावर ठरावीक अंतरानं उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि तळाशी साचलेला गाळही काढता येई.

पण तळी दोन कशासाठी? इथे मुलांच्या हातात एक पारदर्शक बाटली द्यावी. पावसाळ्यातलं गढूळ पाणी तिच्यात भरून, हलवून, ओट्यावर ठेवायचं. वाळू बघता बघता तळाला जाते, बाकीचं पाणी मात्र तांबूसच राहतं. कण दहापट बारीक झाला, की त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक मीटर खोल संथ पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण साधारण २ मिनिटांत तळ गाठतो, ०.०१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे ३ तास लागतात आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीला जवळजवळ दोन आठवडे. म्हणून पाण्याला थांबायला जागा हवी. वरच्या तळ्यात गाळ मागे राहायचा आणि वरचं निवळ पाणी खालच्या तळ्यात उतरायचं. रसायन नाही, वीज नाही, फक्त जागा आणि वेळ. मला ही रचना फार देखणी वाटते.

आता त्याच तळ्याकडे बघा. डोंगरउतारावर वस्ती वाढली, सांडपाणी तळ्यात येऊ लागलं आणि जलपर्णी माजली. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बहुतांशी विरघळलेल्या रूपात असतो. तो कितीही दिवस वाट पाहिली तरी तळाशी बसत नाही, उलट जलपर्णीला खत मिळतं. गाळासाठी उत्तम असलेली ही युक्ती इथे हतबल ठरते. सांडपाणी तळ्यात येण्याआधीच अडवावं लागतं, आणि ते काम वरच्या उतारावरच होऊ शकतं.

पुढचा थांबा कात्रजकडून शहरात वाहत येणारा आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री याच ओढ्याच्या पुरानं माणसांचे बळी घेतले. मातीत मुरणारं पाणी काँक्रीटवर पडलं की एकदम ओढ्याकडे धावतं. हिशेब मुलांनाच करू द्यावा: एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर. हे आपल्या सोसायटीच्या टाकीत, विहिरीत की रस्त्यावर जातं, ते प्रत्येकानं घरी जाऊन बघायचं.

सहल एकदाच काढून भागत नाही. पहिली सहल जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, आणि दुसरी दिवाळीच्या सुट्टीआधी काढावी. दोन्ही वेळा त्याच जागांवरून पाणी घ्यावं, बाटल्यांवर तारीख लिहावी आणि नोंदवही पुढच्या वर्षीच्या नववीकडे सोपवावी.