पळसाचा फाटा किती जाड काढायचा?

उन्हाळ्याच्या तोंडी रंगपेटी घेऊन पेंचच्या बाजूला निघालेली नागपूरची चित्रकार मंडळी हमखास दोन ठिकाणी अडतात. एक निष्पर्ण झाड आणि दुसरं पाण्यातलं बेट. झाडावर पानं असली की चार हिरवे फटकारे मारून वेळ निभावते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र सालई आणि कुल्लू पार उघडे पडतात, पळसाच्या काळ्या फांद्यांवर फक्त फुलं उरतात आणि हाताची चूक लगेच उघडी पडते.

ही चूक बहुधा जाडीची असते. बुंध्याला दोन फाटे फुटले की नवशिका प्रत्येक फाटा बुंध्याच्या निम्म्या जाडीचा काढतो. निम्मं आणि निम्मं मिळून पूर्ण, असा त्याचा हिशेब. पण कागदावरचं झाड खंगलेलं दिसतं. लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी आपल्या वहीत याचं उत्तर लिहून ठेवलंय. कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या, तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. जाडी म्हणजे इथे छेदाचं क्षेत्रफळ. म्हणून व्यासांची नाही, व्यासांच्या वर्गांची बेरीज जुळवायची. ५० सेंटिमीटरच्या बुंध्याला ३० आणि ४० सेंटिमीटरचे फाटे शोभतात, कारण ९०० आणि १६०० मिळून २५०० होतात. दोन्ही फाटे सारखेच असतील तर प्रत्येकी सुमारे ३५ सेंटिमीटर. पंचवीस नव्हे.

झाड असं का वागतं? १९६४ साली जपानी शास्त्रज्ञांनी एक सोपं उत्तर मांडलं. खोड म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांची मोळी आणि वर जाताना तीच मोळी फांद्यांत वाटली जाते. ऐकायला पटतं, पण आरा मशीनवर सागाचा ओंडका चिरताना पाहिलेला माणूस लगेच शंका काढेल. मधलं गडद, पक्कं लाकूड पाणी वाहतच नाही, ते काम बाहेरच्या फिकट थराचं. मग सगळ्या जाडीचा हिशेब नळ्यांवरून कसा लागणार? २०११ मध्ये ख्रिस्तोफ एलॉय या भौतिकशास्त्रज्ञानं वेगळा विचार केला. वाऱ्यात मोडण्याचा धोका झाडाच्या प्रत्येक भागाला सारखाच असावा, एवढीच अट घालून त्यानं संगणकावर झाड वाढवलं, तर दा विंचीचा नियम आपोआप हाती आला. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं. मे महिन्यातलं अवकाळी वादळ सोसून उभी राहिलेली झाडं पाहणाऱ्याला ते पटायला जड जाऊ नये.

मात्र वर्गाचा हा नियम काही दगडावरची रेघ नाही. वर्ग म्हणजे घातांक २, आणि तो झाडागणिक थोडा खालीवर सरकतो. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी चित्रांतल्या आणि कोरीवकामातल्या झाडांच्या फांद्या मोजल्या. अहमदाबादच्या सिदी सैयद मशिदीची सोळाव्या शतकातली दगडी जाळीही त्यांत होती. घातांक १.५ ते २.८ यांच्या दरम्यान सापडला, खऱ्या झाडांतही तो साधारण याच पट्ट्यात असतो. आपल्या ५० सेंटिमीटरच्या बुंध्यावर याचा अर्थ असा, की सारखे दोन फाटे सुमारे ३१ ते ३९ सेंटिमीटरचे असू शकतात. डच चित्रकार मोंद्रियानचं १९११ मधलं करडं झाड जवळजवळ नुसत्या रेघांचं आहे, तरी ते झाडच वाटतं, कारण जाडीचं प्रमाण सांभाळलंय. त्यानंच पुढच्या वर्षी फुललेलं सफरचंदाचं झाड काढलं, त्यात हे प्रमाण सोडून दिलं, तर शीर्षक वाचल्याशिवाय ते झाड असल्याचं कळतही नाही.

म्हणून परदेशी व्हिडिओ पाहून पाइनची झाडं गिरवण्यापेक्षा नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर टेप घेऊन जावं असं माझं मत आहे. पळसाला पानं तीन हे सगळ्यांना पाठ असतं, फांदीकडे कोणी पाहत नाही. वणव्यात किंवा कुऱ्हाडीनं शेंडा गेला की बाजूची कळी पुढे वाढते आणि दिशा बदलते. असं अनेकदा झालं की वाकडेपणा साठत जातो. पण वाकड्या फांदीलाही जाडीचा हिशेब चुकत नाही.

आता बेट. पेंच नदीवरच्या तोतलाडोहाच्या जलाशयात डोकं वर काढलेल्या टेकड्या झाल्यात बेटं, आणि त्यांचं प्रतिबिंब काढताना लोक वरचं चित्र सरळ उलटं करतात. ते खरं नाही. प्रतिबिंबात झाड असं दिसतं, जणू आपला डोळा पाण्याखाली तितक्याच खोलीवरून वर पाहतोय. म्हणून काठावर झुकलेल्या फांदीची खालची, सावलीतली बाजू पाण्यात दिसते आणि प्रतिबिंब वरच्या झाडापेक्षा गडद होतं. शिवाय पाणी सगळीकडे सारखा आरसा नसतं. पायाशी सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणून तिथे गाळ आणि दगड दिसतात. पंचवीस-तीस फुटांवर नजर तिरपी होते आणि हे प्रमाण एक तृतीयांशावर जातं. त्यापुढे बेटाच्या दिशेनं ते वाढतच राहतं. जलरंगात जवळच्या पाण्याला मातीचा वॉश (पातळ रंगाचा हात) आणि दूरच्या पाण्याला आकाशाचा वॉश द्यायचा तो यासाठी.

आणि दूरच्या टेकडीला सरसकट अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, लावू नये. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या सुमारे सहापट विखुरतात, त्यामुळे पावसानं धुतलेल्या ऑक्टोबरच्या हवेत ती निळी दिसते. एप्रिलमध्ये हवेत धूळ असते. धुळीचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून तीच टेकडी पांढुरकी, किंचित मातकट होते.