सात डॉक्टर, एक मूल आणि मधली रिकामी जागा

न्यूमोनियावरचं एक उत्तम अँटिबायोटिक एखाद्या मुलाला आकडी आणू शकतं. औषधात खोट नसते, डोसही बरोबर असतो. मेरोपेनेम हे त्याचं नाव. जंतुसंसर्ग गंभीर असेल तेव्हा ते रुग्णालयात शिरेतून देतात. आकडी ज्याला येते ते मूल फिट येऊ नयेत म्हणून आधीपासून व्हॅल्प्रोएट घेत असतं. यकृत व्हॅल्प्रोएटला साखरेसारखा एक रेणू जोडून ते शरीराबाहेर काढायच्या मार्गाला लावतं. पण त्यातला काही भाग एक विकर (एन्झाइम) पुन्हा मोकळा करून रक्तात परत पाठवत असतं. मेरोपेनेम बहुधा याच विकराला अडवतं. मग रक्तातलं व्हॅल्प्रोएट एक-दोन दिवसांत निम्म्याहूनही खाली येतं, आणि डोस वाढवला तरी फारसं वर चढत नाही. अशा वेळी अँटिबायोटिक तरी दुसरं निवडतात, नाहीतर तेवढ्या दिवसांपुरतं फिटचं आणखी एक औषध जोडतात.

डॉक्टरांना हे माहीत असतं, पुस्तकात छापलेलं आहे. तरीही असं घडतं, कारण मेरोपेनेम लिहिणारा डॉक्टर आणि व्हॅल्प्रोएट लिहिणारा डॉक्टर दोन वेगळ्या इमारतींत, कधी दोन वेगळ्या शहरांत बसतात. मध्यरात्री कॅज्युअल्टीत मुलाला आणणाऱ्या वडिलांना तर गोळीचा रंग तेवढा आठवतो. दोन्ही डॉक्टरांचा निर्णय आपापल्या जागी योग्यच असतो. चूक होते ती दोघांच्या मधल्या जागेत, आणि या जागेची जबाबदारी कुणावर आहे हे आपल्या आरोग्यव्यवस्थेत अजून ठरलेलं नाही.

सर्दी-तापाने आजारी पडणाऱ्या मुलांना या जागेची झळ फारशी लागत नाही. ज्या मुलांना एकाच वेळी अनेक अवयवांचे, वर्षानुवर्षं चालणारे आजार आहेत, त्यांचं मात्र सगळं आयुष्य इथेच जातं. सेरेब्रल पाल्सीबरोबर (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) फिट आणि गिळायला त्रास असलेलं मूल घ्या, डाऊन सिंड्रोमबरोबर हृदयाचा दोष आणि थायरॉईड असलेलं घ्या, किंवा स्पायना बिफिडामुळे, म्हणजे पाठीचा कणा जन्मतः नीट न मिटल्यामुळे, पाय, मूत्राशय आणि मेंदूतलं पाणी या तिन्हींचे उपचार चालू असलेलं. एका मुलामागे सहा-सात तज्ज्ञ सहज होतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या सगळ्या मुलांच्या नोंदी तपासून 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी गुंतागुंतीची मुलं तिथे एक टक्क्याहूनही कमी, 0.67 टक्के होती. पण मुलांच्या आरोग्यावरच्या एकूण खर्चातला जवळपास एक तृतीयांश खर्च त्यांच्यावर होत होता.

या मुलांचे आजार शेजारी शेजारी राहत नाहीत, ते एकमेकांत शिरतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची लाळ सतत गळत असेल तर ती कमी करायला ग्लायकोपायरोलेट देतात. लाळ कमी होते, पण त्याच औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठता वाढते. पोट गच्च झालं की अन्न वर यायला लागतं. वर आलेलं अन्न श्वासनलिकेत उतरलं की छातीत कफ, मग न्यूमोनिया. औषधाने कफही घट्ट झालेला असतो, त्यामुळे तो खोकून निघत नाही. तापात फिटचा उंबरठा खाली येतो, म्हणजे फिट सहज येते, आणि मूल पुन्हा भरती होतं. लाळेची तक्रार एका डॉक्टरकडे, पोटाची दुसऱ्याकडे, छातीची तिसऱ्याकडे, फिटची चौथ्याकडे. हा सगळा साखळीचा खेळ ज्याला एका नजरेत दिसतो तो आधी पोट साफ करण्याचा विचार करेल. पण तशी नजर ठेवायला कुणाची नेमणूकच नसते.

हाडांचंही असंच. चालू न शकणाऱ्या मुलाच्या हाडांवर वजन पडत नाही, म्हणून ती मुळातच कमकुवत असतात. फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोनसारखी फिटची जुनी औषधं शरीरातलं ड जीवनसत्त्व लवकर संपवतात. मूल घराबाहेर फारसं जात नाही, म्हणजे ऊनही कमी. तीन कारणं तीन वेगळ्या वहीत लिहिलेली असतात आणि एक दिवस कपडे बदलताना मांडीचं हाड मोडतं. सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो. सुरुवातीला तो दुखत नाही, ठरावीक काळाने एक्स-रे काढला तरच कळतो. हा एक्स-रे लिहून द्यायचा कुणी, फिजिओथेरपिस्टने, बालरोगतज्ज्ञाने की हाडांच्या डॉक्टरने? प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने दिला असेल.

आता साधं गणित करू. सात डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं तर जोड्या होतात 21. आणखी एक डॉक्टर वाढला की 28. इतके फोन कुठलाही ओपीडीवाला डॉक्टर करणार नाही आणि त्याने ते करावेत अशी अपेक्षा ठेवणंही चूक आहे. पण सातही जणांनी एकाच ठिकाणी कळवायचं ठरलं, तर धागे फक्त सातच लागतात. समन्वयित उपचारांचा सगळा विचार या फरकावर उभा आहे.

विचार नवा नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 1967 साली ‘मेडिकल होम’ ही कल्पना मांडली. तेव्हा तिचा अर्थ एवढाच होता की दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलाचे सगळे कागद एका ठिकाणी असावेत. पुढे हवाईतले बालरोगतज्ज्ञ कॅल्विन सिया यांनी ती कागदांच्या पलीकडे नेली. मुलाचा एक ठरलेला डॉक्टर असावा, तो कुटुंबाला ओळखणारा असावा, आणि तज्ज्ञ, शाळा, थेरपी या सगळ्यांशी त्याने दुवा ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता.

याने खरंच फरक पडतो का, हे ह्यूस्टनमधल्या डॉक्टरांनी औषधाची चाचणी घ्यावी तसं तपासलं. गंभीर, दीर्घ आजारांची सुमारे दोनशे मुलं त्यांनी घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटासाठी एक वेगळं क्लिनिक, तिथे दर वेळी तेच डॉक्टर आणि त्याच नर्स, मूल बिघडलं तर त्याच दिवशी तपासणी, तज्ज्ञांनीच तिथे येऊन मूल पाहायचं, आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन. पलीकडे मुलाला ओळखणारं माणूस. निष्कर्ष 2014 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मृत्यू, आयसीयूत भरती किंवा सात दिवसांहून लांबलेला रुग्णालयातला मुक्काम यांना गंभीर आजार मानलं होतं. नेहमीच्या गटात वर्षाला शंभर मुलांमागे अशी 22 मुलं निघाली, दुसऱ्या गटात 10. दर मुलामागचा वर्षाचा खर्च 26,781 डॉलरवरून 16,523 डॉलरवर आला. हे एका केंद्रातलं संशोधन आहे, तेच आकडे ठाण्यात जसेच्या तसे निघणार नाहीत. तरी मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: यात नवीन औषध एकही नव्हतं.

आपल्याकडे हे काम कोण करतं? आई करते. ऐरोलीत आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्यांच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. त्यांच्या फ्रिजच्या दारावर हाताने आखलेला तक्ता आहे. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी थायरॉईडची गोळी. कॅल्शियमच्या रकान्यात लाल पेनाने ‘चार तासांनंतरच’ असं लिहिलंय, कारण कॅल्शियम आतड्यात त्या गोळीतल्या थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि गोळी वाया जाते. गोळी एका डॉक्टरने लिहिली, कॅल्शियम दुसऱ्याने. मधले चार तास ताईंनी शोधून काढले. सिरप द्यायच्या सिरिंजवर त्यांनी नेलपॉलिशने बारीक रेघ ओढली आहे, म्हणजे आजीचाही हात चुकू नये. मुलीचं वजन वाढलं, डोस बदलला, की जुनी रेघ रिमूव्हरने पुसून नवी ओढायची. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. थायरॉईड, कान आणि डोळे ठरावीक काळाने तपासत राहावे लागतात. कधी काय तपासायचं याचं वेळापत्रक जगभरात ठरलेलं आहे, पण ते पाळण्याचं काम या घरात एका बाईच्या डोक्यावर आहे. ती चार दिवस तापाने पडली तर?

ठाणे आणि नवी मुंबईत सोयी नाहीत असं कुणी म्हणू नये. खारघरला मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत करणारं श्री सत्य साई संजीवनी आहे, तिथेच बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र, ठाण्यात महापालिकेची विशेष मुलांसाठीची जिद्द शाळा, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. त्यापुढचं काही लागलं तर परळचं वाडिया, केईएम. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात केईएम हे उत्कृष्टता केंद्र आहे आणि त्यातून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. दिव्यांग मुलांसाठी निरामय ही एक लाखाची विमा योजना आहे, तिच्यात थेरपीचाही खर्च बसतो. पण प्रत्येक ठिकाणचा केसपेपर वेगळा, तारीख वेगळी. सोमवारी ट्रान्स-हार्बरने खारघर, बुधवारी सेंट्रलने परळ, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच: ‘काय होतंय मुलाला?’ आई पुन्हा जन्मापासून सुरू करते.

यातला एक धागा याच जिल्ह्यात विणायला घेतला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून झाली, आणि तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. फिरती पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर शोधतात. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर त्वरित हस्तक्षेप केंद्र असतं. त्याची आखणीच अशी आहे की बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, कान-डोळे तपासणारे एका छताखाली मिळावेत. माझ्या मते आखणी उत्तम आहे. शोधायची बाजू तिने भक्कम केली, पण शोध लागल्यावर पुढची दहा-बारा वर्षं त्या मुलाचा माग ठेवणारं एक नाव आणि एक फोन नंबर कुटुंबाच्या हातात पडायला हवा. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. प्रशिक्षित नर्स, ठरावीक मुलांची यादी आणि तज्ज्ञाला थेट फोन करायचा अधिकार एवढं मिळालं तरी सुरुवात होते.

तोवर घराला करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. जवळचा एक बालरोगतज्ज्ञ ‘मुख्य’ ठरवा आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयाचा कागद आधी त्यांना दाखवा. एका पानावर मुलाची माहिती लिहा: निदान, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, वजन आणि ते कधीचं, चालू औषधं, कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला, फिट आली तर काय द्यायचं. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ आणि आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनांनी 1990 च्या दशकाअखेरीस अशा मुलांसाठी असाच एक फॉर्म तयार केला. डोस मात्र मिलिग्रॅममध्ये लिहा, नुसतं ‘पाच एमएल’ नको. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतात आणि 250 च्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 250, म्हणजे एमएलला 50. त्याच मापाने बाटली बदलली तर डोस दुप्पट होतो किंवा निम्म्यावर येतो. पान मोबाईलमध्येही ठेवा, आणि शाळेच्या दप्तरातही.

रक्त तपासण्या आणि भूल देऊन करायच्या गोष्टी एकत्र करता येतील का, हे जरूर विचारा. लहान मुलाच्या शरीरात किलोमागे साधारण 80 मिलिलिटर रक्त असतं. दहा किलोच्या मुलात फार तर 800 मिलिलिटर, म्हणजे प्रत्येक विभागाने वेगवेगळं काढलेलं रक्त हिशेबात धरावंच लागतं. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2016 साली सावध केलं. गरजेची शस्त्रक्रिया यामुळे टाळायची नाही. पण एमआरआय, कानाची बेरा तपासणी आणि दात काढणं एकाच भुलीत होत असेल तर दोनदा उपाशी ठेवणं आणि दोनदा भूल वाचते. आपणहून हे कुणी सुचवत नाही, कारण तिन्हींच्या तारखा तीन टेबलांवर दिल्या जातात.

शेवटी वयाचा प्रश्न, ज्याकडे पालक सगळ्यात उशिरा वळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, काही ठिकाणी बालरोग वॉर्ड बाराव्या वर्षीच दार लावतो. ज्या डॉक्टरने मुलाला दहा वर्षं पाहिलं तो सुटतो आणि मोठ्यांच्या ओपीडीत नवी रांग लागते. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, हा बदल बाराव्या वर्षापासून बोलायला घ्या आणि चौदाव्या वर्षी लेखी आराखडा करा. आपल्याकडे त्यात कायद्याचीही एक बाजू आहे. अठरा पूर्ण झाली की कायद्याने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. नाहीतर मुलाच्या बँक खात्यावरची सही कुणाची, हा प्रश्न नेमका शस्त्रक्रियेच्या आठवड्यात उभा राहतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) सतराव्या वर्षीच तपासून अद्ययावत करून ठेवावं.