शहराची बदनाम बाजू (खानदेश)

शहराची बदनाम बाजू : शहराचा एखादा भाग किंवा दिशा राहण्यास अयोग्य, धोक्याची वा हलकी मानली जाण्याची सामाजिक प्रक्रिया. गुन्हे, दारिद्र्य व अस्वच्छता यांच्याशी या लौकिकाचा संबंध असतो. मात्र तो सरळ नसतो आणि मूळ कारण सरल्यावरही नाव टिकून राहते. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) ‘नदीपल्याड’, ‘रुळापलीकडे’, ‘फाटकाच्या तिकडे’ अशा शब्दांत हा भेद बोलला जातो. आज कोणत्या मोहल्ल्याचे नाव वाईट आहे, याची यादी येथे मुद्दाम दिलेली नाही. अशा याद्याही बदनामी टिकवण्यास हातभार लावतात.

ही बदनामी ठरावीक बाजूसच का येते, याच्या उपपत्तींपैकी सर्वांत चर्चिली गेलेली उपपत्ती वाऱ्याची आहे. पश्चिम युरोपात वारा बहुधा पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून वाहतो, त्यामुळे कारखान्यांचा धूर पूर्वेकडे जातो, सधन कुटुंबे पश्चिमेस सरकतात आणि पूर्वभाग कष्टकऱ्यांसाठी उरतो. मँचेस्टरच्या पूर्व व ईशान्य बाजूंस भांडवलदारांनी घरे का बांधली नाहीत, याचे हेच कारण फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८४५ मध्ये दिले होते. स्टीफन हेब्लिख, अॅलेक्स ट्रू व यानोस झिल्बरबर्ग यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्लंडमधील सुमारे ७० शहरी क्षेत्रांतील जवळपास ५,००० धुराड्यांच्या जागा जुन्या नकाशांवरून निश्चित केल्या आणि धुराच्या पट्ट्यांची १८८१ च्या जनगणनेतील वस्तीशी तुलना केली. धूर जाई तेथे गरिबी दाटलेली आढळली. धूर नियंत्रणात आल्यानंतरही त्या भागांचा दर्जा पूर्णपणे सुधारला नाही, हा त्यांचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.

ही उपपत्ती खानदेशास लावताना जपून चालावे लागते. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांमध्ये तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरले असून ते पश्चिमेकडे उघडे आहे. पावसाळ्यात वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून जोराने येतो. तेवढ्यापुरते इंग्लंडशी साम्य आहे. परंतु येथील कारखानदारी प्रामुख्याने कापसाची. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला भाव आला, पुढे जिनिंग (सरकी वेगळी करणे) व प्रेसिंग (रुईच्या गाठी दाबणे) यांचे कारखाने निघाले आणि त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपू लागला. ज्या महिन्यांत पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्या महिन्यांत जिन बंद. आणि जिन चालू असताना वारा मंद, बहुधा पूर्वेकडचा, सकाळी तर हवा साचलेलीच. कापसाची धूळ व बॉयलरचा धूर एकाच दिशेस वर्षभर जात राहिला, असे म्हणता येत नाही. वर्षभर चालणाऱ्या सूतगिरण्या जळगाव, अमळनेर व धुळे येथे निघाल्या, पण त्यांची धुराडी मोजकीच. येथील शहरांच्या घडणीत वाऱ्याला दुय्यम स्थान देणे सयुक्तिक वाटते.

पाण्याच्या उताराची उपपत्ती त्याहून जुनी आहे. वरच्या अंगास पिण्याचे पाणी, खालच्या अंगास धुणे, कातडी कमावणे आणि स्मशान, ही मांडणी खेड्यांत सर्वत्र दिसते. धुळ्यास पांझरा नदी शहरातून पूर्वेकडे वाहते. पावसाळी वाऱ्याची दिशाही तीच असल्याने तेथे दोन्ही उपपत्तींचा निवाडा होऊ शकत नाही. अमळनेरची बोरी उत्तरेकडे, तर भुसावळजवळची तापी पश्चिमेकडे वाहते. निवाड्यासाठी ही दोन गावे अधिक उपयोगी आहेत.

गावगाड्यातील रचना ही या प्रश्नाची तिसरी बाजू. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर आणि खानदेशात त्यांच्या जोडीला भिलाटी (भिल्लांची वस्ती), ही मांडणी शहरे वाढण्यापूर्वीची आहे. या वस्त्या गावाच्या पूर्वेस असत, असे काही अभ्यासक वाऱ्याच्याच आधारे मांडतात. प्रत्यक्षात दिशा गावागणिक बदलते. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या प्रश्नाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये वेगळे उत्तर दिले. टोळ्यांच्या लढायांत वाताहत झालेले लोक राखणीच्या बदल्यात गावाच्या कडेस आश्रयाला राहिले आणि अस्पृश्यता त्यांच्यावर नंतर लादली गेली, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच्या कालनिश्चितीविषयी मतभेद असले, तरी स्थान आधी व कलंक नंतर हा क्रम शहरांच्या बाबतीतही विचारात घेण्याजोगा आहे. शहर पसरले की गावकुसाबाहेरची वस्ती मध्यात येते. तिच्या भोवती कॉलन्या उभ्या राहतात, जमिनीचा भाव चढतो, पण वस्तीचे नाव जुन्या अर्थानेच घेतले जाते.

धुळे शहराची रचना वादाचा विषय आहे. सरळ रस्ते व क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या यांचे श्रेय स्थानिक परंपरा अनेकदा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देते. ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि धुळे परिसरात त्यांनी पांझरेच्या पाटाचे काम केले, हे खरे. तथापि नवी पेठ त्याआधी बरीच वसलेली होती. पेशवाईनंतर खानदेशात नेमलेले कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी १८१८ नंतरच्या एक-दोन वर्षांत धुळे हे मुख्य ठाणे केले आणि व्यापाऱ्यांना बोलावून पेठ आखली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. श्रेयाचा वाद सोडला तरी परिणाम एकच आहे. आखीव पेठेमुळे नदीकाठचे मूळ गाव ‘जुने धुळे’ ठरले. मोगलाई व नदीच्या उत्तरेचे देवपूर हे भाग आखणीबाहेर राहिले. १८७२ च्या महापुराने काठावरच्या घरांची मोठी हानी केली. पूररेषेतील जागा स्वस्त राहते आणि ज्यांना अन्यत्र परवडत नाही ते तेथे येतात. मात्र नदीपल्याड असणे म्हणजे कायमची बदनामी नव्हे. पूल झाले, शाळा-महाविद्यालये व नोकरदारांच्या कॉलन्या आल्या आणि देवपुराचा लौकिक पालटला. ओलांडण्याची सोय झाली की नाव बदलू शकते, याचे खानदेशातील हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

रेल्वेने आणखी कडक रेषा आखली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या दशकात खानदेशात पोचली आणि भुसावळ हे किरकोळ खेडे जंक्शन बनले. आखीव बंगले, चाळी, स्वतंत्र दवाखाना व शाळा असलेली रेल्वे वसाहत एकीकडे आणि तिच्या आधाराने बिनआखणी वाढलेले गाव दुसरीकडे, अशी जुळी वस्ती तेथे झाली. जळगावात रूळ जुन्या शहराच्या उत्तरेने जातात. पलीकडील शिवाजीनगर भागाला शहराशी जोडणारा जुना उड्डाणपूल पाडल्यावर नवा होईपर्यंत रहिवाशांना दीर्घकाळ वळसा पडला. फाटक बंद असताना रुग्णवाहिका, घंटागाडी व अग्निशमन बंब सारखेच अडकतात. सेवा उशिरा पोचणाऱ्या भागात कचरा साठतो, दिवे बंद राहतात, आणि मग ‘तिकडचे लोकच तसे’ हे स्पष्टीकरण पुढे येते. कत्तलखाना, कचरा डेपो, ट्रक थांबे, गुरांचा बाजार यांसाठी जागा शोधताना नगरपालिका ज्या बाजूचा विरोध क्षीण असेल त्या बाजूस वळतात. नंदुरबार येथेही रूळ व स्टेशन यांची भूमिका साधारण अशीच.

शासकीय नोंदींचा वाटा कमी नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स आउट्रम यांनी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावला होते; भिल्लांकडे बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहण्याची दृष्टी त्या काळच्या कागदपत्रांत ठळक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवले. हा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, मुंबई इलाख्यात तो पुढे लागू झाला. १९५२ मध्ये तो रद्द होऊन हे समाज विमुक्त झाले, परंतु पारध्यांच्या पालांवर रात्री चौकशीला जाण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. अलीकडे ‘संवेदनशील भाग’ हा शिक्का तसेच काम करतो. धुळ्यात २००८ व २०१३ मध्ये दंगली झाल्या. अशा घटनांनंतर ठरावीक चौकांत सणासुदीला बंदोबस्त लागतो, आणि बंदोबस्त दिसतो म्हणून भाग धोक्याचा वाटतो. जेथे गस्त अधिक तेथे नोंदलेले गुन्हेही अधिक, ही मापनातील जुनी अडचण आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली होणारी तडीपारी व्यक्तीविरुद्ध असते; वर्तमानपत्री मथळ्यात मात्र तिच्यापुढे वस्तीचे नाव लागते.

माणसे बदलली तरी जागेचा गुण टिकतो, हे समाजशास्त्रज्ञ क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके यांनी शिकागोच्या अभ्यासातून १९४२ मध्ये दाखवले : कारखान्यांलगतच्या पट्ट्यात एकामागून एक वेगवेगळे स्थलांतरित येऊन गेले, पण बालगुन्हेगारीचे प्रमाण तेथे चढेच राहिले. खानदेशातील हुडको (केंद्र सरकारचे गृहनिर्माण महामंडळ) वसाहती व झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना हे निरीक्षण अंशतः लागू पडते. वस्ती उठवून शहराच्या कडेला नेली की रोजगार लांब पडतो आणि जुन्या वस्तीचे नाव नव्या पत्त्याला चिकटते. त्याचा भार रहिवासी दैनंदिन व्यवहारात सोसतात : रिक्षावाला ‘तिकडे नाही येत’ म्हणतो, उधारीला जामीन मागितला जातो, स्थळ सांगून येते तेव्हा पाहुणे घर कोणत्या भागात ते आधी विचारतात. पत्ता म्हणून जवळच्या बऱ्या कॉलनीचे नाव सांगण्याची पद्धत त्यातूनच आली आहे.

नावे बदलण्याचा उपाय शासनानेही अवलंबिला. जातिवाचक वस्तीनामे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. खानदेशात अशी नामांतरे लोकांनी स्वतःहून पूर्वीही केली होती. फलक, शिधापत्रिका व मतदार याद्या यांवर नवे नाव लवकर रुळते. बोलण्यात जुने नाव कितपत टिकते, हे बहुतांशी त्या वस्तीकडे जाणारा रस्ता, पूल किंवा फाटक कोणत्या स्थितीत आहे यावर अवलंबून असल्याचे दिसते.